इन्सुलिन रिसेप्टरला चिकटल्यानंतर संदेश चालू ठेवणारी आणि थांबवणारी विकरे कोणती?

जीवशास्त्र_ठाणे

नमस्कार. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीला संप्रेरकांचा भाग शिकवताना आपण सगळेच साधारण असे सांगतो, की इन्सुलिन ही किल्ली, पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप, कुलूप उघडले की ग्लुकोज आत जाते, आणि टाइप २ मधुमेहात हे कुलूप गंजलेले असते. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या गप्पांतही हेच ऐकू येते, त्यामुळे मुले हे उदाहरण घरूनच शिकून आलेली असतात.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने वडिलांचा तपासणी अहवाल दाखवला. उपाशीपोटीची साखर वाढलेली होती आणि त्याच रक्तातील इन्सुलिनही नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त होते. त्याने विचारले, "मॅडम, किल्ल्या भरपूर आहेत, कुलूपही जागेवर आहे, मग अडते कुठे?" मी त्याला एवढेच सांगू शकले, की अडचण बहुधा पेशीच्या आत, रिसेप्टरच्या पुढच्या टप्प्यांवर असते आणि ते टप्पे विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, ताब्यात असतात. त्यावर त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला, की वडिलांना दिलेल्या ग्लिप्टिन गटातील गोळीच्या माहितीपत्रकात "विकर रोखणारे औषध" असे लिहिले आहे, तर ते हेच विकर का?

मला या विषयावर एक स्वतंत्र तास घ्यायचा आहे. संदेश सुरू करणाऱ्या विकरांविषयी पाठ्यपुस्तकाबाहेरही पुष्कळ वाचायला मिळते. तो थांबवणाऱ्या विकरांविषयी मात्र फारच तुटक माहिती सापडते. जाणकारांनी या दुसऱ्या बाजूविषयी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

वाशी_जीवरसायन

ताई, आपल्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना जीवरसायन शिकवले आहे आणि माझा अनुभव असा, की इन्सुलिन रिसेप्टर हे स्वतःच एक विकर आहे ही एक गोष्ट मुलांना आधी कळली, तर पुढचे सारे सोपे होते.

हा रिसेप्टर चार साखळ्यांचा असतो. दोन अल्फा साखळ्या पेशीच्या बाहेर असतात आणि इन्सुलिन त्यांना चिकटते. दोन बीटा साखळ्या पेशीपटल ओलांडून आत उतरतात आणि त्यांच्या आतल्या भागात टायरोसीन कायनेज असते, म्हणजे एटीपी या पेशीच्या ऊर्जारेणूवरचा फॉस्फेट गट उचलून तो प्रथिनातील टायरोसीन या अमिनो आम्लावर बसवणारे विकर. इन्सुलिन दिल्यावर रिसेप्टरच्या बीटा साखळीवरच फॉस्फेट चढतो, हे मासातो कासुगा, रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले. पुढे १९९४ मध्ये स्टीव्हन हबर्ड आणि सहकाऱ्यांनी या कायनेजची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली, तेव्हा एक फार देखणी गोष्ट समोर आली. इन्सुलिन नसताना ११६२ क्रमांकाचे टायरोसीन स्वतःच्याच विकराच्या क्रियाशील जागेत जाऊन बसलेले असते, त्यामुळे ना तिथे दुसरे प्रथिन येऊ शकते ना एटीपीला नीट जागा मिळते. इन्सुलिन चिकटले, की दोन्ही बीटा साखळ्यांचे कायनेज भाग एकमेकांजवळ येतात आणि एक साखळी दुसरीच्या ११५८, ११६२ आणि ११६३ या तीन टायरोसीनवर फॉस्फेट चढवते. ही तीन टायरोसीन ज्या पट्ट्यात आहेत तो पट्टा फॉस्फेट चढल्यावर बाजूला सरकतो आणि विकर पूर्ण ताकदीने काम करू लागते.

पुढची साखळी थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याला इतरत्रही मिळेल. रिसेप्टर आयआरएस-१ आणि आयआरएस-२ या प्रथिनांच्या टायरोसीनवर फॉस्फेट चढवतो. त्या फॉस्फेटना पीआय३-कायनेज हे विकर येऊन चिकटते आणि पेशीपटलातील पीआयपी२ या मेदरेणूचे पीआयपी३ मध्ये रूपांतर करते. पीआयपी३ जिथे तयार होते तिथे एकेटी हे कायनेज गोळा होते आणि त्याच्या ३०८ क्रमांकाच्या थ्रिओनीनवर पीडीके१, तर ४७३ क्रमांकाच्या सेरीनवर एमटॉरसी२ फॉस्फेट चढवते. जागे झालेले एकेटी स्नायूंत आणि मेदपेशींत ग्लुकोज आत नेणाऱ्या ग्लुट-४ वाहकांना पृष्ठभागावर आणते, तर यकृतात नवे ग्लुकोज बनवण्याचे काम आवरते. ग्लुकोज रिसेप्टरमधून आत शिरत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. त्याची वाट वेगळी आहे आणि ती उघडण्याआधी किमान चार विकरांनी आपापले काम केलेले असते.

आता आपला मूळ प्रश्न. यातील प्रत्येक फॉस्फेट काढून घेणारे विकर पेशीत आधीपासूनच हजर असते. रिसेप्टरच्या बाबतीत त्यातले सर्वांत अभ्यासलेले विकर म्हणजे पीटीपी१बी. एडमंड फिशर यांच्या सिअॅटलमधील प्रयोगशाळेत निकोलस टोंक्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ते मानवी वारेतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले. प्रथिनांवर फॉस्फेट चढणे आणि उतरणे ही उलटसुलट चालणारी नियंत्रणपद्धती असल्याच्या शोधासाठी याच फिशर यांना एडविन क्रेब्ज यांच्यासह १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पीटीपी१बी राहते कुठे, हे माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण आहे. ते पेशीपटलावर नसते. आपल्या शेपटाकडच्या टोकाने ते आंतर्द्रव्यजालिकेला, म्हणजे पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्याला, जखडलेले असते आणि त्याचा क्रियाशील भाग पेशीद्रवाकडे तोंड करून असतो. रिसेप्टर मात्र बाहेरच्या पटलावर. मग दोघांची गाठ पडते कशी? इन्सुलिन चिकटलेला रिसेप्टर काही मिनिटांत पटलाच्या खळग्यासह आत ओढला जातो आणि एन्डोसोम नावाच्या पुटिकेत येतो. ही पुटिका आत सरकताना आंतर्द्रव्यजालिकेच्या अगदी लगत येते आणि तिथे पीटीपी१बी रिसेप्टरवरचे फॉस्फेट उतरवते. त्याच सुमारास पुटिकेच्या आत आम्लता वाढते, इन्सुलिन रिसेप्टरपासून सुटते आणि प्रथिने तोडणारी विकरे त्याचे तुकडे करतात. रिकामा, फॉस्फेट उतरलेला रिसेप्टर बहुतांशी पुन्हा पृष्ठभागावर जातो. म्हणजे संदेश किती वेळ चालणार, हे रिसेप्टर किती लवकर आत ओढला जातो आणि आत त्याला कोण भेटते यावर अवलंबून असते.

या विकराचे महत्त्व १९९९ मध्ये निर्विवाद झाले. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मिशेल ट्रेम्ब्ले आणि मर्क फ्रॉस्ट या औषधकंपनीतील ब्रायन केनेडी यांच्या गटांनी पीटीपी१बीचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. हे उंदीर निरोगी होते. खाल्ल्यानंतर त्यांच्या रक्तातील इन्सुलिन इतर भावंडांच्या निम्म्याच्या आसपास होते, तरी त्यांची साखर किंचित कमीच होती, आणि चरबीयुक्त खाद्य देऊनही ते लठ्ठ झाले नाहीत. वजनाचा हा परिणाम मुख्यतः मेंदूतून होतो, कारण पीटीपी१बी लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाच्या मार्गातील जॅक२ या कायनेजवरचाही फॉस्फेट काढते; स्नायूंपुरतेच जनुक काढले तेव्हा इन्सुलिनचा प्रभाव सुधारला, पण वजनात फरक पडला नाही.

आणखी एक बारकावा. इन्सुलिन पेशीत थोड्या प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करवते. ते पीटीपी१बीच्या २१५ क्रमांकाच्या सिस्टीनचे ऑक्सिडीकरण करते आणि विकर तात्पुरते निकामी होते. थोड्या वेळाने ते सिस्टीन पूर्ववत होते. इन्सुलिन आपला संदेश पाठवतानाच तो पुसणाऱ्या विकराला काही क्षण गप्प बसवते, हे मला आजही विलक्षण वाटते.

रिसेप्टरच्या खालच्या पातळीवरही हीच व्यवस्था आहे. पीआयपी३ वरचा तिसऱ्या स्थानावरील फॉस्फेट पीटेन काढते, पाचव्या स्थानावरील शिप-२ काढते. एकेटीवरचे फॉस्फेट पीपी२ए आणि पीएचएलपीपी काढतात.

नेरुळ_फिजिशियन

वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. मी दवाखान्यातल्या बाजूने थोडी भर घालतो.

आधी गोळीविषयी. ग्लिप्टिन औषधे डीपीपी-४ नावाचे वेगळे विकर रोखतात. हे विकर आतड्यातून येणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाला एक-दोन मिनिटांत निकामी करते. ते रोखले, की जीएलपी-१ जास्त वेळ टिकते आणि जेवणानंतर स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. इन्सुलिन रिसेप्टरच्या मार्गाशी या गोळीचा थेट संबंध नाही. आपल्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे, आणि वडिलांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, हेही. "पाचक विकरांची पावडर घेऊन इन्सुलिनचा प्रतिरोध घालवा" असे संदेश आमच्या रुग्णांच्या मोबाइलवर रोज फिरत असतात. तोंडावाटे घेतलेली अशी विकरे पोटात आणि आतड्यात इतर प्रथिनांसारखीच तोडली जातात. स्नायूंच्या पेशीतील फॉस्फेटशी त्यांची कधीच गाठ पडत नाही.

किल्ली-कुलूपाचे उदाहरण कुठे तुटते, हे दाखवणारा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा यकृताचा आहे. टाइप २ मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांत इन्सुलिन यकृताला ग्लुकोज बनवणे थांबवायला सांगते, ते यकृत ऐकत नाही. पण चरबी बनवायला सांगते, ते मात्र तत्परतेने ऐकते. म्हणून साखरही वाढते, ट्रायग्लिसराइडही वाढतात आणि सोनोग्राफीच्या अहवालात "फॅटी लिव्हर" लिहून येते. बिघाड रिसेप्टरमध्येच असता, तर दोन्ही कामे एकदम थांबली असती. आणि खरोखरच, ज्यांच्या इन्सुलिन रिसेप्टरच्या जनुकातच दोष असतो अशा दुर्मीळ रुग्णांत इन्सुलिनचा प्रतिरोध तीव्र असूनही यकृतात चरबी साचलेली नसते आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले नसतात. हे निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ नेहमीच्या मधुमेहात अडथळा रिसेप्टरच्या पुढे, मार्गाच्या एका फाट्यावर आहे आणि दुसरा फाटा वाहता आहे.

माणसांतले आणखी दोन दाखले देतो. पीटेनच्या दोन प्रतींपैकी एक प्रत निकामी असलेल्या, म्हणजे काउडन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे वजन जास्त असूनही त्यांच्या पेशी इन्सुलिनला नेहमीपेक्षा चांगला प्रतिसाद देत होत्या. पण पीटेन हे कर्करोगाला आवर घालणारे जनुकही असल्यामुळे याच व्यक्तींना स्तन, थायरॉइड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो. उलट बाजूचा दाखला अल्पेलिसिबचा. २०१९ पासून अमेरिकेत स्तनाच्या विशिष्ट कर्करोगासाठी वापरले जाणारे हे औषध पीआय३-कायनेज रोखते, आणि ते सुरू केल्यावर पुष्कळ रुग्णांची साखर वाढते, कधी पहिल्या दोन आठवड्यांतच. आमच्याकडे असे रुग्ण कर्करोगतज्ज्ञांकडून साखरेसाठी पाठवले जातात, तेव्हा वरच्या प्रतिसादातील सारी साखळी डोळ्यांसमोर उभी राहते.

राहिला प्रश्न अडथळा निर्माण कसा होतो याचा. लठ्ठपणात मेदपेशींभोवती सौम्य दाह असतो. त्यामुळे जेएनके हे कायनेज जागे होते आणि आयआरएस-१ च्या सेरीनवर फॉस्फेट चढवते. सेरीनवर फॉस्फेट आला, की टायरोसीनवर येत नाही आणि संदेश तिथेच तुटतो.

जीवशास्त्र_ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. यकृताचा मुद्दा मुलांना नक्कीच पटेल, कारण निम्म्या घरांत तरी कोणाच्या ना कोणाच्या अहवालात "फॅटी लिव्हर" हा शब्द असतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पीटीपी१बी काढल्यावर उंदीर इतके सुदृढ राहिले, तर १९९९ पासून आजपर्यंत त्याला रोखणारी गोळी औषधाच्या दुकानात का आली नाही? आणि फॉस्फेट काढणारी विकरे पेशीत सतत काम करत असतात, हे मुलांना एखाद्या प्रयोगाच्या चित्रावरून दाखवता येईल का?

वाशी_जीवरसायन

डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाविषयी एक नोंद, आणि तीही आदरपूर्वक. जेएनके आणि सेरीनचा मुद्दा २००२ मध्ये फार गाजला, कारण जेएनके१ नसलेले उंदीर लठ्ठपणातही इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देत होते. परंतु उंदरातील ज्या ३०७ क्रमांकाच्या सेरीनवर सारा दोष ठेवला गेला होता, ते सेरीनच बदलून तिथे फॉस्फेट न घेणारे अॅलॅनीन हे अमिनो आम्ल बसवलेले उंदीर २०१० मध्ये तयार केले गेले, तेव्हा अपेक्षेच्या उलट त्यांचा प्रतिरोध वाढला. आयआरएस-१ वर फॉस्फेट चढू शकेल अशी सेरीन आणि थ्रिओनीनची पन्नासहून अधिक स्थाने आहेत. त्यातील काही संदेश दाबतात, तर काही तो टिकवतात. "सेरीनवर फॉस्फेट आला की संदेश तुटला" हे वाक्य वर्गात इतक्या ठामपणे सांगू नये.

त्यापेक्षा यकृतातले एक उदाहरण अधिक नेमके आहे. यकृतपेशीत डायग्लिसराइड साचले, की पीकेसी-एप्सिलॉन हे कायनेज जागे होते आणि रिसेप्टरच्याच ११६० क्रमांकाच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट चढवते. मी वर दिलेले आकडे पुन्हा पाहावेत. ११५८ आणि ११६२ यांच्या मधोमध, म्हणजे विकर जागे करणाऱ्या पट्ट्याच्या ऐन गाभ्यात हे थ्रिओनीन येते. हे स्थान बदललेल्या उंदरांना चरबीयुक्त खाद्य दिले तरी त्यांच्या यकृताचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद टिकून राहिला, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. अर्थात हे कारण मान्य केले तर अडथळ्याचा एक भाग रिसेप्टरवरही येतो, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन फाट्यांच्या चित्राशी त्याचा मेळ कसा घालायचा, यावर संशोधकांत खराखुरा मतभेद आहे. बारावीच्या मुलांनाही हा मतभेद जसाच्या तसा सांगायला हरकत नाही.

महापे_प्रयोगशाळा

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औषधसंशोधन प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे काम करते, त्यामुळे ताईंच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करते.

गोळी न येण्याचे पहिले कारण रासायनिक आहे. पीटीपी१बीची क्रियाशील जागा फॉस्फेट धरण्यासाठी घडलेली, म्हणजे धनप्रभारित आहे. तिथे घट्ट बसणारा रेणू सहसा फॉस्फेटसारखाच ऋणप्रभारित असावा लागतो, आणि असा प्रभारित रेणू पेशीपटल ओलांडून आत जात नाही. परीक्षानळीत उत्तम ठरलेले अनेक रेणू पेशींवर टाकले की निष्प्रभ होतात, ते यामुळेच. दुसरे कारण सारखेपणाचे. टीसीपीटीपी नावाच्या भावंड-विकराचा क्रियाशील भाग पीटीपी१बीशी ७० टक्क्यांहून अधिक जुळतो, आणि टीसीपीटीपीचे जनुक नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. एकाला रोखायचे आणि दुसऱ्याला धक्का लावायचा नाही, ही अट पाळणे फार अवघड आहे. अर्टिप्रोटाफिब नावाचे औषध माणसांवरील चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचून थांबले. पुढे जनुकाचा संदेशच अडवणारी अँटिसेन्स इंजेक्शनेही माणसांवर तपासली गेली आणि त्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचे सरासरी मान, थोडे कमीही केले, पण ती बाजारात आलेली नाहीत.

प्रयोगाविषयी मात्र मी उत्साहाने लिहीन, कारण हे रोज डोळ्यांसमोर घडते. आम्ही एल६ जातीच्या स्नायूपेशी वाढवतो, त्यांना काही तास सीरमविना ठेवतो, मग १०० नॅनोमोलर इन्सुलिन देऊन पाच ते दहा मिनिटांत थाळी बर्फावर घेतो आणि पेशी फोडतो. पेशी फोडण्याच्या द्रावणात सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालावेच लागते. व्हॅनाडेटचा आकार फॉस्फेटसारखा असल्यामुळे ते टायरोसीन-फॉस्फटेजच्या, म्हणजे टायरोसीनवरचे फॉस्फेट काढणाऱ्या विकरांच्या, क्रियाशील जागेत जाऊन बसते आणि विकर थांबते. सेरीन आणि थ्रिओनीनवरचे फॉस्फेट जपण्यासाठी सोबत सोडियम फ्लोराइड असते. पेशी फुटल्या की त्यांच्यातील कप्पे मोडतात, सगळी विकरे एकमेकांत मिसळतात आणि फॉस्फटेज बर्फावरही काम करत राहतात. कायनेजना मात्र लागणारे एटीपी तोवर विरळ झालेले असते. व्हॅनाडेट न घातलेल्या नळीतील रिसेप्टरवरचे टायरोसीन-फॉस्फेट त्यामुळे भराभर उतरतात.

हे व्हॅनाडेट तयार करणेही मुलांना पाहायला आवडेल. पाण्यात विरघळवून द्रावणाचा सामू १० केला, की ते पिवळे होते, कारण त्यात अनेक रेणू जोडलेले डेकाव्हॅनाडेट असते. ते उकळले की रंग जातो. थंड करून पुन्हा सामू १० वर आणायचा, पुन्हा पिवळे झाले तर पुन्हा उकळायचे, असे द्रावण रंगहीन राहीपर्यंत करायचे. रंगहीन द्रावणातील सुटे ऑर्थोव्हॅनाडेटच फॉस्फटेजना रोखते. १९८० मध्येच संशोधकांच्या लक्षात आले होते, की इन्सुलिन न देता नुसते व्हॅनाडेट दिले तरी मेदपेशी ग्लुकोज घेऊ लागतात. पुसणारी विकरे थांबली, की रिसेप्टरची अगदी मंद क्रियाही साचत जाते, हे यातून दिसते. औषध म्हणून ते पोटाला झेपत नाही आणि ते इतर असंख्य फॉस्फटेजनाही रोखते, म्हणून त्याचा वापर प्रयोगशाळेपुरता राहिला.

वर्गात दाखवायला वेस्टर्न ब्लॉटचे, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून पडद्यावर प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीचे, चारच पट्टे पुरेत. पहिला इन्सुलिनविना, दुसरा इन्सुलिन आणि व्हॅनाडेटसह, तिसरा इन्सुलिनसह पण व्हॅनाडेटविना, चौथा इन्सुलिनविना पण जिवंत पेशींनाच आधी व्हॅनाडेट दिलेला. वरच्या ओळीत टायरोसीन-फॉस्फेट ओळखणारे प्रतिपिंड वापरले, की बीटा साखळीच्या जागी, साधारण ९५ किलोडाल्टनला, दुसऱ्या पट्ट्यात ठळक खूण दिसते, तिसऱ्यात ती फिकी पडलेली असते आणि चौथ्यात इन्सुलिन नसतानाही खूण उमटते. हा पडदा दुधाच्या भुकटीऐवजी बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनात) ठेवावा, कारण दुधातील केसीनवर स्वतःचेच फॉस्फेट असतात आणि त्यामुळे पार्श्वभूमी काळवंडू शकते. खालच्या ओळीत एकूण रिसेप्टर ओळखणारे प्रतिपिंड वापरलेला पडदा हवाच. त्यात चारही खुणा सारख्याच दिसतात, म्हणजे रिसेप्टर कुठल्याही नळीत कमी झालेला नाही, फरक फक्त त्याच्यावरच्या फॉस्फेटचा आहे. मुलांना आधी खालची ओळ दाखवावी, "चारही पेशींत रिसेप्टर सारखेच आहेत ना?" असे विचारावे आणि मग वरची ओळ उघडावी.